वाढ आमच्या ताटात कधी येते?

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते. यंदा दोन घरांनी पगार वाढवला, तेवढ्यात खोलीचं भाडं वाढलं. देश पुढे चाललाय म्हणतात, मग माझ्या हातात काही का उरत नाही?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, प्रश्न रास्त आहे. देशाच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीने गरिबी हटते, हे खोटं नाही. गरिबी मोजायची पद्धत ठरवायला नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलं तर २००४-०५ मध्ये देशात ३७.२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०११-१२ मध्ये २१.९ टक्के. पण वाढ घरात शिरते ती मजुरीतून, आणि कुठली वाढ किती हातांना काम देते यावर सगळं अडतं.

माझे वडील लालबागला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. पगार झाला की आधी खानावळवालीचा हिशेब, मग वाण्याची उधारी, मग गावी मनिऑर्डर. एका पगारावर तीन चुली पेटायच्या. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बसली. आज तिथे टॉवर आहेत. पैसा भरपूर फिरतो, पण शाळा अर्धवट सुटलेल्या पोराला काम मिळतं ते वॉचमनचं नाहीतर सफाईचं, तेही ठेकेदाराकडे. हिशेबात ही वाढच धरतात. मला ते अजून सलतं.

तुमची पगारवाढ भाड्यात जिरली. मुंबईत हे घरोघरी होतं. तूर्त एक करा : रेशनकार्ड अन्नसुरक्षा योजनेत आहे का, ते दुकानात विचारा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘प्राधान्य कुटुंब’ या गटातल्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. नसेल तर शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.