स्वयंपाकघरातले प्रश्न: रस्सा घट्ट करायला बटाटा

प्रश्न: पातोडीच्या रश्श्यात बटाट्याचा स्टार्च घातला. लगेच घट्ट झाला, पण अर्धा तास उकळल्यावर पुन्हा पातळ. असं का? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: स्टार्च चांगलाच होता, वेळ चुकली. बटाट्याच्या स्टार्चचे कण मोठे असतात. साधारण ६०-६५ अंशांनाच ते फुगतात, म्हणून रस्सा झटकन दाटतो. खळखळ उकळत ठेवलं किंवा सतत ढवळलं की तेच फुगलेले कण फुटतात. पुन्हा स्टार्च घालू नका, रस्सा चिकट होतो. तो अगदी शेवटी घालावा. एक लिटर रश्श्याला दीड मोठा चमचा स्टार्च तीन चमचे थंड पाण्यात कालवा, कारण गरम पाण्यात गुठळ्या होतात. स्टार्च तळाशी बसतो, तेव्हा ओतण्याआधी पुन्हा ढवळा. गॅस मंद करून धार सोडा, रस्सा चमच्याच्या पाठीला धरू लागला की मिनिटभरात बंद करा.

सावजी पद्धतीचा रस्सा मात्र बराच वेळ उकळतो आणि वर तर्री हवी असते. तिथे आमची पसंती उकडलेल्या बटाट्याला. लिटरभर रश्श्याला एक मध्यम बटाटा हाताने कुस्करून, थोड्या रश्श्यात कालवून घाला आणि दहा मिनिटं शिजवा. मिक्सरला लावू नका, लगदा रबरासारखा ताणतो. मीठ बटाटा घातल्यावरच चाखा, कमी लागेल.

बटाट्याचं पीठ म्हणून मिळतं ते अख्खा बटाटा वाळवून दळलेलं असतं. त्याला बटाट्याची चव येते. पाकीट नीट वाचून घ्या.