टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर वाहक असा पदार्थ), चुंबक आणि सुपरकंडक्टर (शून्य रोधाने वीज वाहणारा पदार्थ) यांचे पातळ थर एकत्र आणून मायोराना (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला कण) मिळेल का? या विषयात पीएचडी करावी का?

करा की. पण गाईड बघून.

असा मायोराना दिसल्याचा दावा करणाऱ्या २०१७ च्या गाजलेल्या पेपरनंतर आमच्या लॅबला एकच ध्यास होता: क्रोमियम घातलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडवर (हाच चुंबकी टोपोलॉजिकल इन्सुलेटर) निओबियम या सुपरकंडक्टरची आडवी पट्टी टाकायची आणि कंडक्टन्सचं, म्हणजे वीजवहन क्षमतेचं, निम्म्या क्वांटमवरचं (मूलभूत एककाच्या निम्म्यावर स्थिर राहणारं) पठार शोधायचं. त्या पेपरात तीच मायोरानाची खूण मानली होती. फिल्म वाढवायचं काम माझ्याकडे. जाडी जेमतेम सहा नॅनोमीटर, टेल्युरियमचा फ्लक्स (येणाऱ्या अणूंचा ओघ) बिस्मथच्या कितीतरी पट, आणि आरहीडच्या (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून थर नीट वाढतोय का ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावरच्या रेघा फिसकटल्या की दिवस वाया. बाहेर काढली की हवा लागते, म्हणून निओबियमच्या आधी आर्गॉनने वरचा पापुद्रा खरवडायचा. खरी मेख इथेच आहे. जोड कसा जमला यावर पुढचं सगळं ठरतं.

पठार दिसलं. सर पेढे मागवायच्या बेतात. मी म्हटलं, सर, पट्टीने मध्येच शॉर्ट केलं तर फिल्मच्या पट्ट्याचे दोन तुकडे सिरीजमध्ये येतात. प्रत्येकाचा एक क्वांटम, मिळून निम्मा. मायोरानाची गरजच नाही. तो असेल तर पठार चुंबकीकरण उलटतानाच्या चिंचोळ्या टापूतच दिसायला हवं. आमचं तर पूर्ण चुंबकीकरणातही हलेना, निओबियम नॉर्मल झाल्यावरही हलेना! "तू फार निगेटिव्ह आहेस," एवढंच उत्तर मिळालं. पेपर छापायला पाठवला गेला, मी त्यातून माझं नाव काढायला लावलं.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने पारदर्शक (इलेक्ट्रॉन सहज पार होणारा) जोड असलेल्या डिव्हाइसवर नेमकं हेच, म्हणजे मायोरानाशिवायही असं पठार दिसतं, हे दाखवलं. २०२२ मध्ये तो २०१७ चा पेपर 'सायन्स'मधून मागे घेतला गेला. सरांना मी लिंक पाठवली होती. उत्तर नाही.

म्हणून सांगतो, मुलाखतीत गाईडलाच विचारा की साधं स्पष्टीकरण खोडायला किती महिने देणार. कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरी लॅब बघा. डायल्यूशन फ्रिज (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करणारं यंत्र) नसेल तरीही दुसरी बघा.

विषय मात्र मेलेला नाही. २०२४ मध्ये पेन स्टेटमध्येच अशी चुंबकी फिल्म आयर्न टेल्युराइडवर वाढवली. सुटे असताना दोन्ही सुपरकंडक्टर नाहीत, जोडापाशी मात्र सुपरकंडक्टिव्हिटी येते. मायोराना तिथेही अजून हाती लागलेला नाही.

आणि हो, सर माणूस म्हणून चांगले होते. फेलोशिप अडकली तेव्हा माझं खोलीभाडं त्यांनीच भरलं. पठाराबद्दल मात्र आजही भांडेन.