शाळेत तर्कशास्त्र आणि घरी उलट उत्तरं

“पोरगं उलट बोलायला लागलंय.” बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुधा हेच वाक्य घेऊन. पूर्वी पुण्यातलेच यायचे, हल्ली ऑनलाइन सत्रांमुळे अमेरिकेतलेही येतात. त्यांच्यातल्या काहींच्या तक्रारीला वेगळंच शेपूट असतं: “आणि हे त्याला शाळेतच शिकवतात हो!”

ही शाळा म्हणजे ‘क्लासिकल ख्रिश्चन’ पद्धतीची. तिचं मूळ ब्रिटिश लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या 1947 सालच्या ऑक्सफर्डमधल्या भाषणात आहे. मध्ययुगातला व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हा क्रम त्यांनी मुलांच्या वयाशी जोडला. लहानपणी भरपूर पाठांतर, मधल्या वयात तर्क, आणि मोठेपणी आपलं म्हणणं नेमकेपणानं, सुंदर करून मांडणं. 1981 मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावी ‘लोगोस’ ही शाळा निघाली, आणि पुढे हा प्रवाह अमेरिकाभर पसरला. मिडल स्कूलमध्ये, विशेषतः सातवी-आठवीत, मुलांना तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय असतो. जोडीला लॅटिन, कालक्रमानं इतिहास, बायबल आणि वादविवाद. या वयाची मुलं मोठ्यांच्या चुका पकडायला टपलेलीच असतात, तर त्या खोडीला शिस्त लावा, असं सेयर्सबाईंचं म्हणणं. त्यांची ही मांडणी संशोधनावर नव्हे, स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींवर उभी आहे, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पण अकरा-बाराच्या सुमारास मूल अमूर्त विचार करू लागतं हे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे वाचलेल्या कुणालाही ठाऊक असतं, त्यामुळे मला त्यात तथ्य वाटतं.

तर डॅलसजवळ राहणारं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मूळचे नगरचे. वडील इंजिनियर, मुलगा सातवीत, आजी सहा महिन्यांसाठी आलेल्या. वडिलांनी पहिल्याच सत्रात सुरुवात केली, “मी त्याला म्हटलं, तुला अजून मिसरूड फुटलं नाही, तू मला शिकवणार? तर म्हणतो, पप्पा, हे ॲड होमिनेम झालं. तुम्ही मुद्द्यावर बोला.”

मला हसू आलं, ते मी दाबलं. मुलाचं बरोबर होतं. माणसावर घसरून मुद्दा टाळणं यालाच ते नाव आहे.

खरं दुखणं मात्र पुढे होतं. आजींनी सांगितलं होतं, बायबल खरं, कारण ते देवाचं वचन. आणि ते देवाचं वचन आहे हे बायबलच सांगतं. नातवानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की हा चक्राकार युक्तिवाद आहे, गुण शून्य. आजी उठून गेल्या. “श्रद्धा पक्की व्हावी म्हणून एवढी फी भरतोय,” वडील म्हणाले, “आणि पोरगा हातातून चाललाय.”

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली, म्हणजे भावनांमागचे हट्टी विचार तपासणारी. अल्बर्ट एलिस यांची आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली ही परंपरा. त्यामुळे माझा कान घटनेपेक्षा तिच्यामागच्या ‘असंच व्हायला हवं’ यातल्या ‘च’वर असतो. मी विचारलं, “तो असं बोलला याचं वाईट वाटतंय, की त्यानं असं बोलताच कामा नये याचा राग येतोय?” बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या घरात वडिलांपुढे कुणी तोंड उघडत नव्हतं.” पुढची काही सत्रं आम्ही या एका वाक्यावर घालवली.

कोडं सुटलं ते मात्र मुलाशी बोलताना. त्यानं तर्कशास्त्राची वही कॅमेऱ्यासमोर धरली. प्रत्येक तर्कदोषाखाली पेन्सिलीनं एकेक चित्र. बुजगावण्याच्या युक्तिवादाखाली, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मोडतोड करून मग ते खोडण्याच्या दोषाखाली, टाय लावलेलं बुजगावणं. मी विचारलं, “तू वर्गात दोष पकडलास की सर काय म्हणतात?”

“म्हणतात, छान. आता समोरच्याची बाजू तू मांड. त्याच्यापेक्षा चांगली मांड.”

“आणि घरी?”

“घरी तिथेच भांडण सुरू होतं.”

आमच्या धंद्यात असे क्षण फार येत नाहीत, म्हणून सांगते, त्या दिवशी मी खूश होते. मुलगा शाळेतला अर्धाच धडा घरी आणत होता, कारण उरलेला अर्धा त्याच्याकडून कुणी मागतच नव्हतं. वडिलांना मी एवढंच काम दिलं: पुढच्या वेळी चिडायच्या आधी सरांचं ते वाक्य म्हणायचं.

त्यांनी ते म्हटलं. मुलानं दोन दिवस घेतले आणि आजींची बाजू कागदावर लिहून आणली: “आजी सिद्ध करत नव्हती. आजी साक्ष देत होती. आजोबा वारल्यावर तिला कशानं धरून ठेवलं, ते ती सांगत होती.” चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला ‘साक्ष’, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं, ठाऊक असते, तर्काच्या वहीत तिला जागा आहे हे त्याला नव्यानं कळलं. आजींनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “मग हे तेव्हाच नीट विचारायचं होतंस की रे!” नंतर त्यांनी त्याला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या लगेच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. स्वतःला पटायला त्यांनी काही वर्षं घेतली.

ज्यांना हाच घोर आहे त्यांना माझं सांगणं असं. मुद्दा आणि सूर वेगळे करा. मुद्दा बरोबर असेल तर तो तिथल्या तिथे मान्य करा, आणि सूर उर्मट असेल तर तोही तिथेच थांबवा. एकाच्या रागात दुसरा बुडवू नका. “मला माहीत नाही, शोधू या” असं आईबापांनी म्हटलं की मुलाच्या नजरेतून ते उतरत नाहीत. बाराव्या वर्षी शंका आली म्हणजे श्रद्धा गेली, असं तर मुळीच नाही. वक्तृत्वाचा टप्पा नववीनंतर येतो. तोवर या मुलांच्या हाती हत्यार असतं, पण ते कुठे म्यान करायचं हे कळत नसतं. ते घरानंच शिकवायचं.

“लॅटिन कशाला?” हा प्रश्न मला आया हमखास विचारतात. त्यातल्या बऱ्याच जणींनी दहावीला संस्कृत घेतलेलं असतं, ‘रामः रामौ रामाः’ घोकलेलं असतं. मुलगी लॅटिन क्रियापदाची रूपं ‘आमो, आमास, आमात’ घोकते तेव्हा तिच्याशेजारी बसून बघा. विभक्ती आणि क्रियापदांची रूपं कशी चालतात हे तुम्हाला तिच्याइतकंच समजेल, आणि गृहपाठावरून होणारी वादावादी कमी होईल.

काळजी करायचीच असेल तर ती गणिताची आणि विज्ञानाची करा. या शाळा सगळ्या सारख्या नसतात. आठवीत बीजगणित होतं का, प्रयोगशाळा आहे का, उत्क्रांती कशी शिकवतात, आणि नववीत मूल सरकारी शाळेत गेलं तर त्याला कुठल्या वर्गात बसवतील, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या. काही शाळा पालकांकडून श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे शाळेच्या धार्मिक मतांच्या यादीवर, सही मागतात. ती नीट वाचून करा, कारण चार वर्षांनी तुमचा मुलगाच त्यातल्या एखाद्या कलमावर बोट ठेवणार आहे.