आईला मेजुगोरियेला नेण्यासाठी एफडी मोडू का?

वसईच्या एका ताईंनी विचारलंय. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. वाडीतला सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरला नेऊन विकत तिने दोन एफडी जमवल्या, एक ६ लाखांची, एक २ लाखांची. तिला एकदा मेजुगोरियेला जायचंय, म्हणजे बोस्निया-हर्जेगोव्हिनातल्या त्या गावी, जिथे १९८१ मध्ये मरियामातेची दर्शनं झाल्याचं सांगतात. मे महिन्याच्या ग्रुपसाठी दोघींचे ३,९०,००० सांगितलेत, १० दिवसांत भरायचे. ६ लाखांची एफडी मोडावी का? भाऊ म्हणतो, पैसे वाया.

ताई, आईला जरूर न्या. पण मेमध्ये नको, आणि त्या ६ लाखांना हात लावून तर नकोच. मुदतीआधी मोडल्यावर व्याज कापलं जाईल, ते एक वेळ सोसेल. खरी भीती गुडघ्यांची आहे. या वयात आरोग्य विमा महाग, आणि नव्या पॉलिसीत गुडघेबदलासाठी प्रतीक्षाकाळ असतो. म्हणजे ते ६ लाख हाच आईचा विमा.

२ लाखांची एफडी जूनमध्ये पिकतेय, ती यात्रेला लावा. ‘माझे पैसे घे’ असं आई म्हणत असेल तर अडवू नका. फुलं तिने विकलीत. उरले १,९०,०००. तुमच्या हातात ६८,००० येतात, गृहकर्जाचा हप्ता २१,०००. या नोव्हेंबरपासून ऑगस्टपर्यंत महिना १९,००० आरडीत टाका, ओढाताण होईल पण जमेल. दिवाळीचा ४५,००० बोनस विमानभाडं आणि युरो वाढले तर म्हणून बाजूला ठेवा.

मग सप्टेंबरअखेर निघा. मेजुगोरियेभोवतीचा हर्जेगोव्हिनाचा ब्रोत्न्यो भाग द्राक्षवेलींचा. पांढरी झिलाव्का, काळी ब्लातिना. सप्टेंबर हा तिथे द्राक्षतोडणीचा महिना. वाडीच्या मशागतीत आयुष्य गेलेल्या वसईच्या बाईला ते बघून काय वाटेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. जूनअखेरची दर्शनांच्या वर्धापनदिनाची आणि ऑगस्टच्या युवा महोत्सवाची गर्दीही तोवर ओसरलेली असते.

भावाला एवढंच सांगा: १९८१ च्या दर्शनांना व्हॅटिकनने अलौकिक ठरवलेलं नाही हे खरं, पण सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या भक्तीला मोकळीक दिली आहे. आईच्या श्रद्धेचा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

आता कागदपत्रं, कारण पैसे खरे इथे बुडतात. तुमचा ग्रुप क्रोएशियातल्या स्प्लिटला उतरतोय. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. मेजुगोरियेहून परत स्प्लिटला येणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश, म्हणून मल्टिपल एन्ट्री व्हिसाच हवा. शेंगेनसाठीचा ३०,००० युरोंचा प्रवास विमा बोस्नियात चालेलच असं नाही. पॉलिसीवर त्या देशाचं नाव आहे का ते वाचा. आणि बिल तुमच्या पॅनवर करा. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या बिलावर आधीच घेतला जाणारा कर, कापला जाईल, पण तुम्ही रिटर्न भरताच, तेव्हा तो करात वळता होईल.

पॉडब्रडो या दर्शनांच्या टेकडीची वाट टोकदार दगडांची आहे, क्रिझेवात्स हा क्रूसाचा डोंगर त्याहून चढाचा. आईला तिथे चढवायचा हट्ट धरू नका. संध्याकाळची जपमाळ आणि मिस्सा संत याकोबाच्या चर्चमागे, उघड्यावरच्या वेदीपाशी होते. बसायला बाकं आहेत, तिकीट नाही. जूनमध्ये अ‍ॅडव्हान्स भरताना चर्चजवळची, तळमजल्यावरची खोली लेखी मागून घ्या.