वारसांची जमीन घेताना

विकायला खरोखर तयार असलेले वारस जाहिरातीत सापडत नाहीत. तलाठी चावडीवरच्या वारस फेरफाराच्या नोटिसा वाचा. गावात कुलूपबंद वाडा, घरपट्टी थकलेली, मुलं पुण्या-मुंबईला, अशी घरं शोधा. दुखवट्यात मात्र किमतीची बोलणी नकोत.

नवखे फसतात ते सातबाऱ्यावर. तो महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यावर दोन भावांचीच नावं दिसली की पहिला प्रश्न विचारा, "बहिणी किती?" हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. वारलेल्या बहिणीची मुलंही मोजा. "ताईंनी कधीच सोडलंय हो" याला काही किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. वाटप न झालेला एकट्याचा हिस्सा घेतलात, तर ताबा मिळवायला वाटपाचा दावा लढत बसाल. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 खाली सहवारस तो हिस्सा आधी मागू शकतो. म्हणून सगळ्यांच्या सह्या एकाच खरेदीखतावर घ्या.

वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा शोध आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस होईपर्यंत विसार किरकोळच द्या. शेतजमीन असेल तर आधी तुमचा शेतकरी दाखला आणि तिचा भोगवटादार वर्ग, म्हणजे ती विकायला सरकारी परवानगी लागते का, ते बघा.