ऑस्ट्रेलियात स्वतःच्या इन्स्टावर राजकीय पोस्ट शेअर केली म्हणून नोकरीवरून काढू शकतात का?

नाही, राजकीय मतामुळे काढणं बेकायदेशीर आहे, २००९ च्या फेअर वर्क कायद्याचं कलम ७७२ हेच सांगतं. आणि हे नुसतं कागदावर नाहीये, पत्रकार अँटोनेट लाटूफ यांची केस बघा. डिसेंबर २०२३ मध्ये एबीसीने (ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय प्रसारण संस्था) त्यांना सिडनी रेडिओवर ५ दिवसांसाठी घेतलं, त्यांनी गाझाबद्दलची ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेची एक पोस्ट शेअर केली आणि तिसऱ्या दिवशीच कार्यक्रम काढून घेतला. एबीसी म्हणे आम्ही काढलंच नाही, वर लाटूफ यांनी पोस्ट न टाकण्याची सूचना मोडली हेही म्हणणं, पण फेडरल कोर्टाला असा आदेश दिलेलाच दिसला नाही, वादग्रस्त काही टाकू नका तर बरं एवढा सल्ला होता फक्त. जून २०२५ मध्ये कोर्टाने लाटूफ यांना ७०,००० डॉलर भरपाई दिली, नंतर एबीसीला १,५०,००० डॉलर दंड. म्हणून तुम्हाला नेमक्या कुठल्या शब्दांत सांगितलं होतं ते फार महत्त्वाचं, ईमेल आणि मेसेज आत्ताच सेव्ह करा, कारण नोकरीवरून काढल्यापासून २१ दिवसांतच फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीचे वाद बघणारी संस्था) अर्ज करावा लागतो आणि घाबरून गप्प बसण्यात तेच दिवस निघून जातात. फक्त सरकारी खात्यात असाल तर गणित वेगळं: इमिग्रेशन खात्यातल्या मायकेला बॅनर्जी यांनी निनावी अकाउंटवरून राजकीय ट्वीट केले होते, तरी त्यांना काढलं आणि २०१९ मध्ये हायकोर्टाचा (तिथलं सर्वोच्च न्यायालय) निकाल त्यांच्या विरोधातच गेला.