सामूहिक लोकनृत्याला रनिंग शूज चालतात का? नाहीतर कसले बूट घ्यावेत?

रनिंग शूज शक्यतो टाळा. गुळगुळीत तळाचे, टाचेला घट्ट धरणारे, नाडी किंवा पट्टा असलेले हलके बूट घ्या. गिरकी घेताना अंग वळतं, पण खाचांचा रबरी सोल जमिनीला चिकटून राहतो आणि तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. नाचाच्या बुटांना स्वेडचा (लव असलेल्या मऊ चामड्याचा) किंवा साध्या चामड्याचा सोल असतो तो याचसाठी. शिवाय रनिंग शूज सरळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात. बाजूला उड्या मारताना त्यांच्या जाड, उंच तळामुळे घोटा मुरगळू शकतो.

घेताना बूट हातात धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध, कमानीपाशी दुमडत असेल तर आधार नाही, दिसायला कितीही छान असला तरी परत ठेवा. मागची बाजू अंगठ्याने दाबून पाहा, लगेच चेपायला नको. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि नाचताना वापरणार तेच मोजे घाला. मग दुकानातच एका पायावर वळून पाहा. लोक बघतील, बघू देत.

मात्र हे लाकडी किंवा गुळगुळीत फरशीसाठी. काँक्रीटवर किंवा उघड्यावर नाचणार असाल तर स्वेड लवकर झिजतो, ओला झाला की कामातून जातो. तिथे आत मऊ गादी आणि खाली कमी खाचांचा, सपाट सोल असलेले बूट बरे.